मलिद्याचं ताट: बेने इस्राएल समाजाचा एक प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने लग्नं नोंदवणाऱ्या आपल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, काही सूचना पाठवल्या. बेने इस्राएल समाजातला मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरच्या ज्यू घरात लग्न करणार असेल, तर आधी घराण्याची चौकशी करा. आई ज्यू होती का, आजी होती का, तिच्या मागच्या होत्या का, जितकं मागे जाता येईल तितकं जा. घरात कुणी घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं होतं का, धर्माने मना केलेल्या नात्यात लग्न झालं होतं का, तेही विचारा.

ज्यांना हे विचारलं जाणार होतं ती माणसं आपल्या कोकणातली. पेण, पनवेल, रोहा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड इथून, नाहीतर दोन पिढ्यांपूर्वी तिथून मुंबईत येऊन राहिलेली. आडनावं पेणकर, रोहेकर, थळकर, चौलकर, दिवेकर, नवगावकर. घरात मराठी, लग्नात मंगळसूत्र, आज्यांच्या अंगावर नऊवारी. पणजीच्या पणजीचा कागद त्यांच्याकडे कुठून असणार? शतकानुशतकं या समाजाकडे धर्माचं एकही पुस्तक नव्हतं. मग तो धर्म टिकला कशात?

याचं उत्तर मला त्यांच्या स्वयंपाकघरात सापडतं, आणि त्यातही एका ताटात: मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या. या ताटाचं कोकणात काय काम होतं, इस्राएलला गेल्यावर काय झालं आणि मधल्या काळात या माणसांच्या शरीरांवर कसा संशय घेतला गेला, एवढंच प्रकरण इथे घेतलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: ताटातले पदार्थ फारसे बदलले नाहीत, पण ताट ज्यांच्यासमोर ठेवलं ते बदलले, म्हणून त्याचा अर्थ उलटा झाला. कोकणात या ताटाने त्यांना ज्यू ठेवलं. इस्राएलमध्ये त्याच ताटाने त्यांना मराठी ठेवलं.

पुस्तकाविना

समाजाची आपल्या मुळाबद्दलची कथा सर्वांना ठाऊक आहे. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेली प्रेतं नवगावलाच पुरली. तिथलं दफनस्थान आजही आहे आणि तिथे स्मारकही उभं आहे. सामानाबरोबर धर्मग्रंथ बुडाले. हिब्रूतलं फक्त ‘शमा’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. ही कथा केव्हाची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि या प्रकरणापुरती त्याची गरजही नाही. कथा काय सांगते ते महत्त्वाचं: पुस्तक गेलं, शरीर वाचलं.

ही माणसं गावागावांत तेल गाळू लागली. शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. सोमवार पाळणारे सोमवार तेली होतेच, त्यात आणखी एक पोटजात. शेजाऱ्यांना यात धर्म वेगळा असल्याचं काही वाटलं नाही. आठवड्यातला एक दिवस कामाला हात लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, एवढं मात्र घराघरात पक्कं होतं, आणि त्यासाठी कुणाला वाचता येण्याची गरज नव्हती.

मग मासळी. समाजाच्या परंपरेत दाविद रहाबी नावाच्या एका परदेशी ज्यू माणसाची गोष्ट आहे. तो कोकणात आला, या लोकांचा शनिवार पाहून त्याला शंका आली, म्हणून त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. बायकांना त्याने मिसळलेली मासळी दिली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवल्यांची आणि परांची मासळी घेतली, बाकीची बाजूला काढली. ती आम्ही खात नाही, म्हणाल्या. रहाबीची खात्री पटली. पुढे त्याने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं आणि त्यांच्या वंशजांकडे काजीपण, म्हणजे समाजाचे धार्मिक विधी चालवण्याचं काम, राहिलं.

ही गोष्ट घडली असेल किंवा नसेल, पण समाजाने ती जपली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. पुरुषांना काय येतं हे रहाबीने विचारलं नाही. परीक्षा बायकांची झाली, पाटीतल्या मासळीवर झाली. कोकणच्या किनाऱ्यावर राहून कोलंबी नाही, कुर्ल्या नाहीत, तिसऱ्या नाहीत, मुशी नाही, वाम नाही, हे रोजचं आहे. शेजारच्या घरातून कालवणाचा वास येतो आणि आपण ते खात नाही. असं दोन-चार पिढ्या गेल्या की तो नियम राहत नाही, ते तोंडाला चालतच नाही. लहान मुलाला कुर्ली दाखवली की त्याच्या पोटात ढवळतं. का, ते त्याला सांगता येत नाही. धर्मशास्त्रातलं एक कलम असं किळस होऊन शरीरात उतरतं, आणि तिथे ते पुस्तकापेक्षा जास्त टिकतं.

सणांचंही तसंच. हायिम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला, त्यात जुन्या सणांची नावं आहेत. नव्याचा सण, नव्या वर्षाचा. लगेच खिरीचा सण, नव्या तांदळाची नारळाच्या रसातली खीर. दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस: दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पेसाखला, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, अनाशी ढाकायचा सण, कारण अनाशीचं, म्हणजे आंबट कालवणीचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचं. आणि बिरड्याचा सण. जेरुसलेमचं देऊळ पडल्याचा शोक जगभरचे ज्यू ज्या दिवशी करतात, त्या दिवशी कोकणात वालाचं बिरडं पानावर वाढून खायचे. आधीचे आठ-नऊ दिवस मांसमच्छी बंद.

देवळाची गोष्ट विसरली गेली होती. बिरडं राहिलं होतं. शोकाच्या दिवशी मांस नाही, ताटाऐवजी पान, कडवट वाल, हे शरीराने लक्षात ठेवलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून शिकवणारे आले, मुंबईत जॉन विल्सनसारखे मिशनरी हिब्रू शिकवू लागले (विल्सन यांचं हिब्रूचं मराठी व्याकरण १८३२ चं), तेव्हा या सणांना त्यांची हिब्रू नावं आणि कारणं परत मिळाली. पण जुन्या सवयींनी जागा धरून ठेवली नसती, तर ही नावं लावायची कशाला?

हलवा आणि ताट

चिकाचा हलवा नव्याच्या सणाचा. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास धरतो. मग वाटून, पिळून पांढरं दूध काढायचं, ते रात्रभर ठेवलं की चीक खाली बसतो, वरचं पाणी ओतून टाकायचं. तो चीक, नारळाचं दूध आणि साखर जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून ढवळत बसायचं. खरी मेहनत इथे आहे. हात थांबला की गुठळी होते किंवा बुडाशी लागतं. एकीचा दंड भरून आला की दुसरी उलथनं घेते. गोळा कडा सोडू लागला की ताटात ओतायचा, वर बदाम, पिस्ते, चारोळी, आणि थंड झाल्यावर वड्या. आता पुष्कळ जणी कॉर्नफ्लॉवर किंवा चायना ग्रास वापरतात. हलवा बऱ्यापैकी होतो, पण दोन-तीन बायकांनी पातेल्याभोवती बसण्याचं कारण जातं.

यात गाईम्हशीचं दूध का नाही? कारण सणाच्या जेवणात मटण असतं, आणि दूध-मांस एकत्र चालत नाही. कोकणात नारळाला तोटा नव्हता, म्हणून गोडात आणि कालवणात दोन्हीकडे नारळाचं दूध आलं. तसंच द्राक्षारसाचं. शुक्रवारच्या किद्दूशला, म्हणजे शनिवारचा विसावा सुरू करणाऱ्या आशीर्वादाला, द्राक्षारस हवा, तो अलिबागला कुठला? मग काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, त्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा. शास्त्राची अट आणि गावच्या बाजारात काय मिळतं, या दोहोंच्या मधे या बायकांनी जी वाट काढली, ती म्हणजे बेने इस्राएल स्वयंपाक.

आता मलिदा. पोहे धुऊन निथळायचे. ओलं खोबरं भरपूर, गूळ किंवा साखर, वेलची, बदाम, पिस्ते, मनुका. हे मोठ्या ताटात शीग लावून ठेवायचं, भोवती पाच फळं, त्यात खजूर आणि केळी हवीतच, वर गुलाब किंवा सब्जाची डहाळी. काही घरांत शिजवलेली काळीजपेटीही वेगळी ठेवतात. दहा पुरुष जमले की प्रार्थना सुरू होते. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याचं, गाणं सगळे मिळून म्हणतात, इसहाकाने याकोबला दिलेला आशीर्वाद म्हणतात: देव तुला आकाशाचं दंव देवो. मग ताटातलं एकेक उचलून आशीर्वाद. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा, धान्याला तिसरा, सुवासाला वेगळा. केळ्यावर जमिनीच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात, कारण शास्त्राच्या हिशेबात केळ हे झाड नव्हे. कुळागरात वाढलेल्या माणसालाही हे चटकन पटेल. शेवटी ताट सगळ्यांत वाटायचं.

हे ताट दुरून पाहणाऱ्याला काय दिसतं? गोड पोहे, नारळ, पाच फळं, फूल. शेजारच्या हिंदूला ते पूजेचं वाटेल, मुसलमानाला दर्ग्यातल्या मलिद्यासारखं वाटेल. जिन्नस एकच, कारण गाव एकच. पण समोर मूर्ती नाही, मजार नाही. नाव एलियाहूचं, प्रार्थना देवाची. घरातल्या भिंतीवर अग्निरथातल्या एलियाहूची तसबीर असते, तिच्यापुढे मात्र काही वाढत नाहीत.

एलियाहू इथला आहे, हे या समाजाच्या भक्तीचं वैशिष्ट्य. अलिबागजवळ सागाव-खंडाळे परिसरात एक कातळ आहे, त्यावर घोड्याच्या टापेसारखी आणि चाकासारखी खूण आहे. त्याला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. संदेष्टा रथातून स्वर्गात गेला तो इथून, असं मानतात. ज्यू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, जगातले ज्यू झाडांचं नवं वर्ष साजरं करतात तेव्हा, इथे एलियाहूचा उरूस. लोक येतात, मलिदा करतात.

मलिदा नवसाचा असतो. मूल आजारी आहे, नोकरी लागत नाही, परीक्षा आहे, नवं घर घेतलं, लग्न ठरलं, कुणी आगबोटीने निघालंय. नवस बोलताना भीती असते, फेडताना सुटका. काही घरांत मुलाचे केस नवसाने वाढवायचे आणि ठरलेल्या वयात उतरवून त्यांच्या वजनाइतका पैसा दान द्यायचा अशीही रीत होती. आईच्या काळजीला त्या केसांत आणि त्या ताटात जागा होती. म्हणूनच मी मलिद्याला नुसता पदार्थ किंवा नुसता विधी म्हणायला तयार नाही. त्या घराची सगळ्यात मोठी भीती कोणती होती आणि ती कशी टळली, हे त्या ताटाशी जोडलेलं असतं. त्या घरातल्या पोराला पुढे धर्म म्हटला की पोह्यांची आणि वेलचीची चव आठवते, ती यामुळे.

१८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादामध्ये, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायच्या पोथीत, एक चित्र आहे. पेसाखच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका. त्या साड्या नेसून, खाली बसून पीठ मळताहेत, लाटताहेत, भाजताहेत. शेकडो वर्षं युरोपात छापल्या गेलेल्या हग्गादांमध्ये त्यांची त्यांची माणसं असतात, यात आपली आहेत. ज्याने ते चित्र काढवून घेतलं त्याला आपण ज्यू आहोत की मराठी, हा प्रश्न पडलेला दिसत नाही. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर मुंबईत बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं करू लागले, तेव्हाही पडलेला नव्हता.

पाव, मग रक्त

१९४८ नंतर ही माणसं इस्राएलला जाऊ लागली. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. भारतात त्यांचा छळ झाल्याची एकही आठवण समाजाकडे नाही, आणि हे ते स्वतः आवर्जून सांगतात. जायचं कारण भक्तीचं होतं आणि थोडं चांगल्या आयुष्याच्या आशेचं.

तिथे तेव्हा शिधावाटप होतं. सगळ्यांनाच टंचाई. पण टंचाईतही पंगतीला क्रम असतो. दक्षिण इस्राएलमधल्या बेर्शेबात गेलेल्या भारतीय ज्यूंची तक्रार अशी होती की पांढरा पाव युरोपातून आलेल्यांना मिळतो आणि आम्हाला काळा, वर आमच्या रंगावरून बोलतात. घरं, नोकऱ्या, वागणूक यांबद्दलही तक्रारी होत्या, आणि त्या जास्त गंभीर होत्या. पण लोकांनी सांगताना पाव पुढे केला. मला याचं नवल वाटत नाही. नोकरी नाकारली तर माणूस वाद घालतो, अर्ज करतो. तुझ्या कातडीच्या रंगाचा पाव खा म्हटल्यावर काय करणार? तो पाव घरी नेऊन पोरांना खायला घालावा लागतो, अपमान रोज पोटात जातो. १९५१ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्यांना वसवणाऱ्या संस्थेसमोर, धरणं धरलं आणि मागणी केली: आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभरावर लोक खरोखर परत आले. त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्राएलला गेले. हे जाणं-येणं वाचताना मन ठरत नसल्याचं दुःख जाणवतं. तिथे घर मिळेना, इथून मन निघालेलं.

आणि दहा वर्षांनी तो लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न आला. रब्बींचा मुद्दा शास्त्राचा होता. धर्मशास्त्राप्रमाणे लेखी घटस्फोट न घेता कुणी पुनर्विवाह केला असेल तर त्या संततीच्या पुढच्या लग्नांना अडचण येते. मूल न होता नवरा वारला तर दिराशी लग्न करायचं किंवा दिराकडून रीतसर मोकळीक घ्यायची, हा नियमही या समाजाला ठाऊक नव्हता. मग शतकानुशतकं काय झालं असेल?

इथे कोकण कामी यायला हवं होतं. बेने इस्राएल घरांत, शेजारच्या घरांप्रमाणेच, विधवेचं पुन्हा लग्न करत नसत आणि घटस्फोट विरळा. विधवांवर हा अन्यायच होता, त्याचं समर्थन करायचं कारण नाही. पण जिथे पुनर्विवाहच होत नव्हता तिथे चुकीच्या पुनर्विवाहाची संतती शोधायची कुठे? माझ्या मते चौकशी करणाऱ्यांनी कोकणाच्या चालीरीती नीट समजून घेतल्या असत्या तर अर्धी शंका तिथेच मिटली असती. तसं झालं नाही. चालरीत ‘हिंदूंसारखी’ दिसली, तेवढंच त्यांनी पाहिलं.

समाज रस्त्यावर आला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकामुलांसह धरणं धरलं. मुंबईतही निषेध झाले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने ऑगस्टमध्ये संसदेची, क्नेसेटची, बैठक बोलावली. बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, कुठल्याही भेदाविना बाकी ज्यूंसारखेच आहेत, असं तिथे जाहीर झालं, आणि रब्बी मंडळाला सूचनेतून या समाजाचं नाव काढावं लागलं.

रहाबीची गोष्ट आणि १९६२ ची सूचना शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत बाहेरून आलेला अधिकारी ‘तुम्ही खरंच आमचे का’ असं विचारतो. रहाबीने हात काय करतात ते पाहिलं. मंडळाने रक्त कुठून आलं ते विचारलं. पहिल्या परीक्षेला बायका बसल्या आणि आपल्या ज्ञानावर उत्तीर्ण झाल्या. दुसऱ्या परीक्षेतही बायकाच होत्या, पण मेलेल्या, आणि त्यांना बोलायला वाव नव्हता.

पुढे जनुकांचे अभ्यासही झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेकडच्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही अंश दिसले. समाजातल्या पुष्कळांना त्याचा आनंद झाला आणि तो समजण्यासारखा आहे. पण ज्या माणसाच्या आजीने आयुष्यभर कोलंबीला हात लावला नाही, त्याला प्रयोगशाळेचा दाखला लागावा, हे मला मनापासून खटकतं.

घरातली रेघ

हे प्रकरण इथेच थांबवलं तर ते अपुरं राहील, कारण रक्ताची चौकशी समाजाने स्वतःही केली होती. कोकणात बेने इस्राएलांमध्ये गोरे आणि काळे असे दोन थर होते. दोन्ही बाजूंनी समाजातले ते गोरे, मिश्र संबंधांतून, बहुतेक बिगर-ज्यू आईच्या पोटी जन्मलेल्यांचे वंशज ते काळे. एकाच सभागृहात प्रार्थना, तोच शनिवार, तीच मासळी. पण रोटीव्यवहार नाही, बेटीव्यवहार नाही, भांडी वेगळी. कातडीच्या रंगाशी या नावांचा खरा संबंध नव्हता. कोकणात राहून नारळ आणि पोहे घेतले तशी पंक्तीतली उतरंडही घेतली.

याचा अर्थ १९६२ ची सूचना बरोबर ठरते असा अजिबात नाही. पण ओळख ताटात ठेवली की ताटात जे जे असतं ते सगळं बरोबर येतं. मायाही येते आणि विटाळही येतो. मलिदा सगळ्यांत वाटायचा असतो, आणि तरी कुणाच्या हातचा मलिदा कुणाला चालायचा याला एके काळी मर्यादा होती. इस्राएलमध्ये ही गोरी-काळी रेघ पुसट होत गेली. तिथल्या नजरेला ते सगळेच ‘होदीम’, हिंदी लोक होते. बाहेरच्या अपमानाने आतली उतरंड मोडावी हे काही सुखाचं नाही, पण झालं ते तसं.

पालटलेलं ताट

अलिबागच्या इस्राएल आळीत मलिदा घरचा होता. त्यात जाहिरात करण्यासारखं काही नव्हतं. रामला, लोद, अश्दोद, बेर्शेबा, दिमोना इथे तोच समारंभ मोठा झाला. लग्नाआधीची मेहंदी हॉलमध्ये, सोबत मलिदा. मुलगा लष्करात निघाला, परत आला, मलिदा. खंडाळ्याचा कातळ लांब राहिला, तर हैफाला एलियाहूची गुहा आहे, तिथे बेने इस्राएल कुटुंबं ताटं घेऊन जातात. मोरोक्कोहून, इराकहून, रशियातून आलेले शेजारी, सहकारी, सुना-जावई तिथे असतात. हिब्रू आशीर्वाद त्यांना ओळखीचे. शनिवार सगळ्या देशाचाच. खवल्यांची मासळी निवडण्यात काही विशेष राहिलं नाही, बाजारच तसा. कोकणात ज्या ज्या गोष्टींनी हा समाज वेगळा दिसत होता त्या सगळ्या इथे सगळ्यांच्याच झाल्या. वेगळं काय उरलं? पोहे, खोबरं, वेलची, मेहंदी, नऊवारी.

१९६४ नंतर हे ताट लोकांसमोर यायला लागलं याकडे मी केवळ योगायोग म्हणून पाहत नाही. ज्यू म्हणून मान्यता नव्हती तोवर हिंदुस्थानी चालीरीती दाखवणं धोक्याचं होतं, त्यांच्याकडेच तर बोट दाखवलं जात होतं. मान्यता मिळाल्यावर त्या उघड करता आल्या. त्यातला एलियाहू सगळ्यांचा असल्यामुळे कुणाला हरकतही घेता येत नव्हती. एकाच ताटात दोन्ही दाखले, आणि कुणाला कोणता दाखवायचा ते करणाऱ्याच्या हातात.

पन्नास-साठ वर्षांत तिथे पुरती दुकानदारी उभी राहिली. पोहे, कोकम, वाल, मसाले भारतीय दुकानांत मिळतात. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघू लागलं, महाराष्ट्र दिन साजरा होतो. तिसरी पिढी मात्र हिब्रूच बोलते. नातवाला ‘बिरडं’ कळतं, ‘सोलणं’ कळत नाही. त्याला शनिवार तेली म्हणजे काय हे सांगावं लागतं. मलिदा म्हटल्यावर तो उठून बसतो, कारण आजीच्या घरचा तो वास आहे. पोटाची आठवण भाषेच्या नंतर पुसली जाते, हे इथे स्पष्ट दिसतं.

इकडे उलट अडचण. एके काळी समाज सुमारे वीस हजार होता. २०११ च्या जनगणनेत देशभरातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर बहुतेक घरं रिकामी झाली होती. ठाण्यातलं १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, भरतं. अलिबागचं मागेन आबोथ, पेणचं बेथ हाएलोहिम आणि रेवदंड्याचं बेथ एल, इथे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला मुंबई-ठाण्याहून माणसं बोलवावी लागतात. पोहे, नारळ, गूळ सगळं हाताशी आहे. उरुसाच्या दिवशी खंडाळ्याला गाड्या येतात, संध्याकाळी परत जातात.

या प्रकरणातून माझ्यापुरता निघालेला एक कामाचा मुद्दा आहे. मलिद्याच्या प्रार्थना छापलेल्या आहेत, हिब्रूत आहेत, मराठी लिपीतही आहेत. त्या हरवणार नाहीत. ताटाची बाजू मात्र अजूनही बायकांच्या तोंडी आहे: पोहे किती भिजवायचे, किलोला किती नारळ, गूळ घालणारी घरं कोणती आणि साखर घालणारी कोणती, काळीजपेटी कोण ठेवतं आणि कोण ठेवत नाही, रेवदंड्याचा मलिदा आणि पनवेलचा मलिदा यांत फरक काय, आणि कुणाच्या घरी तो चालत नसे, का चालत नसे. ऐंशीच्या घरातल्या ज्या आज्या ठाण्यात, अश्दोदला आणि दिमोनात आहेत त्यांना हे सगळं येतं. त्यांना मराठीतच विचारायला हवं, आणि शेवटचा प्रश्न, तो अवघड असला तरी, गाळता कामा नये.